आजोबांचा डीव्हीडी प्लेअर आणि एक सेटिंग

आपण इंजिनिअरिंगला आहोत हे एकदा गावाकडे कळलं की दोन खाती आपोआप आपल्याकडे येतात. एक, बंद पडलेला मिक्सर. दुसरं, टीव्हीजवळची यच्चयावत यंत्रं. ब्रँच कुठली हे कोणी विचारत नाही. माझी सिव्हिल असती तरी हेच झालं असतं. सुदैवाने माझी ई अँड टीसी आहे, त्यामुळे निदान नाक तरी राहिलं!

आजोबांकडे 2007 साली घेतलेला डीव्हीडी प्लेअर आहे. 'आहे' असंच म्हणायचं, कारण दुकानदाराने "आता ह्याला कोण हात लावतो, टाकून द्या" असं सांगूनही त्यांनी तो टाकला नाही. चित्र व्यवस्थित दिसायचं, पण मागची लाल-पांढरी ऑडिओची भोकं गंजून गेली होती. आवाज आला तर खरखर, नाहीतर तीही नाही. आणि आजोबांना पाहायची होती ती नेमकी आत्याच्या लग्नाची, 2008 सालची डीव्हीडी. आजी 2019 साली गेली. तिचे फोटो घरात पुष्कळ आहेत, पण आवाज आहे तो फक्त त्या तबकडीवर.

प्लेअरच्या पाठीला एक नारिंगी भोक होतं, त्याला बारा-पंधरा वर्षांत कोणी शिवलंही नव्हतं. ते कोअॅक्सिअल डिजिटल आउट. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून डिजिटलचं अॅनालॉग करणारी एक छोटी डबी आणली, काकांचा जुना अॅम्प्लिफायर माळ्यावरून उतरवला आणि जोडणी केली. (ह्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर घेऊ नका. व्हिडिओची साधी पिवळी वायरही 75 ओहमचीच असते. मीटरभर अंतराला ती झकास चालते.)

गाण्यांची सीडी लावली, सुरेख वाजली. लग्नाची डीव्हीडी लावली, तर चिडीचूप. पडद्यावर वऱ्हाडी तोंडं हलवतायत आणि घरात पंख्याचा आवाज. आजोबा काही बोलले नाहीत. नुसतं "असू दे रे" म्हणून चष्मा पुसायला लागले. सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा मला इतकं टेन्शन आलेलं नाही.

आता इथे थोडी थिअरी, व्हायवाला उपयोगी पडेल. ह्या डिजिटल वायरीचं नाव एसपीडीआयएफ, सोनी आणि फिलिप्सच्या नावांवरून पडलेलं. ती मुळात दोन चॅनेलचा साधा पीसीएम आवाज नेण्यासाठी केलेली. 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, दोन चॅनेल म्हणजे सेकंदाला 1536 किलोबिट. सिनेमाचे सहा चॅनेल असेच मोकळे पाठवायचे तर तिप्पट लागतील, ते ह्या वायरीत मावत नाहीत. डॉल्बी डिजिटलने मात्र तेच सहा चॅनेल डीव्हीडीवर जास्तीत जास्त 448 किलोबिटमध्ये कोंबलेले असतात. म्हणून प्लेअरला दोन पर्याय दिलेले असतात. 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम' म्हणजे घरून एसटीने आलेला बांधलेला डबा: प्लेअर तो तसाच पुढे ढकलतो, उघडायचं काम पलीकडच्या डीकोडरचं. 'पीसीएम' म्हणजे प्लेअरनेच डबा उघडून दोन ताटांत वाढून द्यायचं. आमच्या स्वस्त डबीला गाठ सोडवता येत नव्हती, म्हणून ती गप्प बसली. सीडीवरचा आवाज मुळातच पीसीएम, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. लग्नाच्या शूटिंगवाल्याने मात्र दोनच चॅनेलचा आवाज डॉल्बीत बांधून दिला होता. रिमोटवरचं 'ऑडिओ' बटण दाबल्यावर ते पडद्यावर दिसलंच.

सेटअप मेनूत गेलो, ऑडिओचं पान उघडलं. एसपीडीआयएफ/रॉ होतं, ते एसपीडीआयएफ/पीसीएम केलं. लगेच सनई सुरू!

पण एवढ्याने भागलं नाही. बँड वाजला की आजोबा आवाज कमी करायचे, बँड थांबला की माणसं काय बोलतायत ते त्यांना कळेना. "ऐकू येतंय, पण शब्द लागत नाहीत," असं ते म्हणाले. वयाबरोबर कान आधी वरच्या फ्रिक्वेन्सी सोडतो, आणि स, श, फ, त असली व्यंजनं बरीचशी तिथेच राहतात. स्वर पोचतात, शब्द विरघळतात. नुसता व्हॉल्यूम वाढवणं हा त्यावर इलाज नाही, त्याने फक्त शेजारी जागे होतात.

त्याच मेनूत खाली डायनॅमिक रेंजची पट्टी होती. आपण हॉस्टेलवर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण आपल्याला स्फोट स्फोटासारखाच हवा असतो. ती पूर्ण दाबाकडे नेली की मोठे आवाज खाली बसतात आणि हळू आवाज वर येतात. 'रॉ' असताना ही पट्टी वाटेल तिथे सरकवली तरी ढिम्म फरक पडत नाही, कारण डबा प्लेअरने उघडलेलाच नसतो. पीसीएमवर मात्र ती चालते. आमची चालली.

बँड निमूट मागे सरला. पंगतीचा सीन आला. कॅमेरा वाढप्यांवरून फिरत होता आणि कोपऱ्यातून, चित्रात नसलेली आजी कोणाला तरी झापत होती, "अहो, मठ्ठा किती पातळ केलाय! पाहुण्यांना पाणी पाजताय का?"

आजोबांनी माझ्या हातातून रिमोट घेतला. मागे नेलं, परत ऐकलं. पुन्हा मागे नेलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मठ्ठा खरंच पातळ होता."