टर्बो, टाल्कम पावडर आणि टेन्शन

"ताई, तुझ्या गाडीने बघ कसली सॉलिड रांगोळी काढलीय!"

जुलैतली सकाळ. गिरगावातल्या आमच्या चाळीचा चौक, रात्रभर पडलेला पाऊस आणि माझ्या गाडीखालच्या पाण्यावर निळी-जांभळी झाक. पोरांना रंग दिसले, मला ऑइलमध्ये वाहून जाणारे पैसे.

खरं सांगायचं तर लीकेज नवीन नव्हतं. महिनाभर मी गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवत होते. डिपस्टिक बघायची, लेव्हल खाली गेली की पंपावरून लिटरभर ऑइल आणून ओतायचं, विषय संपला. फ्रीलान्सरचा फंडा एकच, पेमेंट आलं की बघू. पण त्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या आजी त्याच तेलकट पाण्यावरून घसरल्या. शेजारच्या स्कूटरचा आधार मिळाला म्हणून हाड शाबूत राहिलं. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

माझी गाडी म्हणजे नऊ वर्षांची, सेकंडहँड, टर्बो डिझेल हॅचबॅक. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी ती लिफ्टवर चढवली, टॉर्च मारला आणि निकाल दिला, "मॅडम, टर्बो गेला." मजुरी धरून ५२ हजार! माझी दोन महिन्यांची कमाई. तोंडावर गणपती, आईला कोकणात न्यायचं कबूल केलेलं. वाट लागली ना बॉस!

मग चाळीतल्या एका दादाने लालबागचा पत्ता दिला. फ्लायओव्हरच्या बाजूची गल्ली, हवेत मसाल्याचा खाट, शेजारी गणपतीचा कारखाना आणि मधोमध काकांचं दीड गाळ्याचं गॅरेज. काका साठीचे. वडील मिलमध्ये फिटर होते. १९८२ चा संप झाला, घरातला पगार थांबला आणि काका शाळा सोडून पान्याला लागले.

"टर्बो गेला, हे कोणी बघितलं?"

"तिथे सगळं ओलं होतं ना, काका."

"ओला तर रस्ता पण आहे."

इंजिनवर तेल दिसतं तिथूनच ते गळतं असं नाही. ते वरून ओघळतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे पसरतं आणि भलत्याच पार्टवर आळ येतो. म्हणून काकांनी आधी ब्रश घेऊन अख्खं इंजिन धुतलं, सुकवलं आणि त्यावर चक्क टाल्कम पावडर मारली. लहान बाळाला मारतात तशी!

तोवर माझी शाळा घेतली. टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं, हे मी नंतर वाचलं. काकांनी फक्त करंगळी दाखवली. एवढासा दांडा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो, आणि तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. हे तेल इंजिनचंच. पंप ते दाबाने वर पाठवतो, पण परत येताना ते नुसतं उतारावरून चेंबरमध्ये पडतं. ती वाट अडली किंवा इंजिनच्या पोटात गॅस कोंडला, की चांगला टर्बोही तेल टाकायला लागतो. ऑइल संपलं तर दांडा जाम. तापलेल्या भागावर सांडलं तर आग. नको तेवढं हवेच्या पाइपातून आत गेलं तर डिझेल इंजिन तेच जाळत सुसाट सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. आणि मी महिनाभर पुठ्ठे बदलत होते.

शिवडीपर्यंत चक्कर मारून आलो. पांढऱ्या पावडरीत दोन काळे ओघळ. एक वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, दुसरा टर्बोच्या रिटर्न पाइपच्या जोडातून. काकांनी हवेचा पाइप काढून दांडा बोटाने हलवून बघितला. प्ले नाही. टर्बो ठणठणीत! खरा चोर निघाला ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर काढणारी नळी. ती काळ्या चिखलाने गच्च भरलेली.

"ऑइल शेवटचं कधी बदललं?"

मी मिरची गल्लीच्या दिशेने बघत राहिले. मागची सर्व्हिस मी गाळली होती. वरून ओततेय म्हणजे नवीनच आहे की, असा माझा हिशेब. शिवाय एक्स्प्रेसवेवर गाडी ताणायची आणि फूड मॉलला पोहोचल्या पोहोचल्या इंजिन बंद करून वडापावकडे धावायचं. तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल तिथेच करपतं. मिनिटभर इंजिन चालू ठेवलं असतं तर वडापाव काही पळून जात नव्हता.

पॅकिंग, तांब्याचे वॉशर, फिल्टर, योग्य ग्रेडचं ऑइल. पार्ट मीच ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून आणले. दुकानदाराने आग्रह केला म्हणून सीलंटची ट्यूबही घेतली. काकांनी ती बाजूला ठेवली. पाइपाच्या जोडाला ते थापलं की जास्तीचं आत सुटतं आणि तुकडा तेलाच्या वाटेत अडकतो. तिथे नवीन पॅकिंगच. बिल झालं ७,४०० रुपये.

आजींकडे जाऊन सॉरी म्हटलं. म्हणाल्या, "ते राहू दे, पुठ्ठा दाखव." आता रोज सकाळी दूध घ्यायला उतरल्या की त्या गाडीखाली वाकून बघतात. परवा त्यांनी खालून हाक मारली, "अगं, डाग दिसतोय!" मी ब्रश तोंडात ठेवूनच धावले. बोट लावलं, वास घेतला.

एसीचं पाणी होतं.