गोबीचा घास

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर

चि. चिऊस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा गोबी खायला लागला. फोनवर तुझा पहिला प्रश्न हाच असतो आणि मी "हो गं, खाल्लं" एवढंच सांगते, कारण तुझ्या वसतिगृहात मागे सतत गलका असतो. आज निवांत लिहिते. तू शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात गेलीस, पुस्तकातलं तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळेल. पण टाकीसमोर बसून जे दिसतं ते तुझ्यापर्यंत पोचायला हवं. मासा तुझा आहे.

आधी एक सांगते, तो नखरेल नाही. घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "भूक लागली की खाईल आपोआप." मोठ्या माशाच्या बाबतीत असेलही तसं. हा पिवळा क्लाउन गोबी, गोबिओडॉन ओकिनावी, पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्याशा अंगात साठवून साठवून किती साठवणार? शिवाय प्रवाळावरच्या या बारक्या माशांचं जगणंच घाईचं. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ग्रेट बॅरिअर रीफवरच्या इव्हिओटा सिजिलाटा या गोबीवरचं काम प्रसिद्ध केलं. तो मासा जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो. कणा असलेल्या प्राण्यांत इतकं तोकडं आयुष्य तोवर कुणाचंच नोंदलेलं नव्हतं. तुझा गोबी त्यातला नाही, नीट सांभाळला तर काही वर्षं राहील. पण उपास त्यालाही झेपत नाही. बाजूने पाहिलं तर अंगाने गोल असल्यामुळे तो बराच वेळ गुबगुबीतच वाटतो. समोरून, नाकासमोर पाहायचं. पोट खपाटीला गेलेलं आणि डोक्यामागे खाच पडलेली तिथून दिसते. तुझ्या बाबांना मी ती दाखवली, तेव्हापासून "आपोआप खाईल" हे वाक्य घरात कुणी उच्चारलेलं नाही.

मग खात का नव्हता? आपण टाकतो ते अन्न आहे हेच त्याला कळत नव्हतं. समुद्रात हा मासा प्रवाळाच्या फांदीवर बसून असतो. पोटाखालचे दोन पर जुळून झालेल्या चकतीने फांदीला चिकटतो, आणि प्रवाहाबरोबर समोरून वाहत येणारे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव टिपतो. झेप घेतो, टिपतो, परत आपल्या जागी. वाहतं, हलतं, बारीक: या तिन्ही खुणा जुळल्या तर ते खाणं. पेलेट यातल्या एकाही खुणेत बसत नाही. ते खडा होऊन येतं, सरळ खाली जातं आणि वाळूत पडतं. तुझे दोन क्लाउनफिश पेलेटवर तुटून पडतात ते हॅचरीत जन्मले म्हणून. डोळे उघडल्यापासून त्यांनी माणसाच्या हातचंच खाल्लं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानाने क्लाउनफिशची पैदास केली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते. समुद्रातला एक मासा कमी उचलला जातो, आणि घरी आलेला मासा खातो.

गोबी समुद्रातून उचललेला होता. पकडणारा, निर्यात करणारा, आयात करणारा, घाऊक व्यापारी, दुकान, एवढ्या हातांतून तो आला. प्रत्येक प्रवासाआधी पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून माशांना उपाशी ठेवतात. म्हणजे आपल्याकडे पोचला तेव्हाच तो रिकामा होता. पुढे कधी मासा घ्यायला गेलीस, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला सांग, माझ्यासमोर याला खायला घाला. खाल्लं तरच घे. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी चालेल.

मातीच्या फांदीचं तुला ठाऊक आहेच, तरी लिहिते, कारण शेजारचे परवा विचारत होते, "खरं प्रवाळ का नाही ठेवलंत?" कठीण सांगाड्याचं प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. मला हा कायदा अगदी योग्य वाटतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आपल्या राज्याचं जे थोडं प्रवाळ उरलंय, त्यासाठी १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य झालं. पाणी तापलं की तिथलं प्रवाळ पांढरं पडतं. तिथून एक तुकडासुद्धा कुणाच्या दिवाणखान्यात येता कामा नये. आणि गोबीलाही, मी पाहिलं त्यावरून सांगते, जिवंत प्रवाळच हवं असं नाही. त्याला फांदी हवी. भाजलेल्या मातीचा तो फाटे फुटलेला तुकडा तू ठेवून गेलीस, त्याच्या बेचक्यात तो दिवसभर बसतो. पाठ झाकलेली असली की तो समोर बघतो, आणि समोर बघितलं तरच अन्न दिसतं. तुकडा मी कोपऱ्यातून काढून, पाणी हलवणाऱ्या वेव्हमेकरचा प्रवाह हलकेच येईल अशा जागी सरकवला. पुढचं सगळं त्यानंतर जमलं.

प्रवाळाशी त्याचं नातं मात्र नुसतं भाडेकरूचं नाही. २०१२ साली फिजीत डिक्सन आणि ‘हे’ या आडनावांच्या दोघा संशोधकांनी पाहिलं की एक विषारी हिरवं शेवाळ ॲक्रोपोरा प्रवाळाला टेकलं की प्रवाळ पाण्यात रासायनिक हाक सोडतं आणि काही मिनिटांत गोबी येऊन ते शेवाळ कुरतडून टाकतात. तुझ्या माशाचा सख्खा भाऊबंद गोबिओडॉन हिस्ट्रिओ तर ते शेवाळ खातो आणि त्याच्या अंगावरचा विषारी चिकटा आणखी जहाल होतो. खवले नसलेल्या या माशाला तेवढंच चिलखत. वाचल्यापासून मी त्याच्याकडे वेगळ्या आदराने बघते.

आता खाऊ घालण्याची रीत. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची ताजी पिल्लं, याला दुसरा पर्याय मला सापडला नाही. गोबीचं तोंड मोहरीच्या दाण्याहून फार मोठं नाही, आणि ही पिल्लं अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतात. शिवाय ती सतत थरथरत पोहतात. तिन्ही खुणा जुळल्या.

शीतपेयाची बाटली तळ कापून उलटी टांगली आहे. त्यात लिटरभर पाणी, पाव वाटीहून कमी खडे मीठ (मी २५ ग्रॅम तोलून घेते), चिमूटभर खाण्याचा सोडा, वर थोडी अंडी. हवेची नळी पार खाली, बुचाजवळपर्यंत, म्हणजे अंडी तळाशी बसत नाहीत. पाणी २६ ते २८ अंशांवर राहिलं तर साधारण २४ तासांत पिल्लं बाहेर येतात. सध्याच्या थंडीत रात्री आपल्याकडे ते जमत नाही, म्हणून बाटलीशेजारी टेबलाचा दिवा लावून ठेवते. उजेडही मिळतो, ऊबही. सकाळी हवा बंद करायची आणि खालच्या बाजूला टॉर्च धरायचा. पाच-दहा मिनिटांत टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी बुचाशी बसतात, आणि मधे उजेडाकडे नारिंगी ढग गोळा होतो. तो ढग नळीने ओढून घ्यायचा, बारीक कापडातून गाळायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचा. टरफलं आत जाऊ द्यायची नाहीत, बारक्या माशाच्या आतड्यात ती अडकतात. आणि फुटल्यावर लगेच द्यायची. पिल्लाच्या अंगात बलकाची शिदोरी असते तोवर ते पौष्टिक, पहिली कात टाकेपर्यंत त्यातली बरीच संपलेली असते.

आपल्या हातात येतात ती अंडी बहुतेक अमेरिकेच्या ग्रेट सॉल्ट लेकची. पण हा जीव आपल्याकडेही आहे. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतून त्याची नोंद फार पूर्वीच झालेली आहे. मिठागरवाल्यांच्या कितीतरी पिढ्यांच्या पायाशी तो पोहत असणार.

पिल्लं नुसती टाकीत ओतली तर गोबीला एकही मिळत नाही, क्लाउनफिश फस्त करतात. म्हणून आधी त्यांना टाकीच्या दुसऱ्या टोकाला पेलेट टाकते. ती दोघं तिकडे गुंतली की वेव्हमेकर बंद. मग रबरी फुगा लावलेली लांब काचेची नळी. पहिल्यांदा नळीची सावली पडली आणि गोबी फांदीच्या मागे गेला. तेव्हा मी नळी टाकीच्या काठाला बांधून तशीच सोडून दिली. दिवसरात्र तिथेच. तिची सवय झाल्यावर तो पुन्हा पुढे बसू लागला. नळीचं टोक त्याच्या थोडं वर आणि थोडं पुढे ठेवायचं, रबरी फुगा अगदी हळू दाबायचा, की पिल्लं त्याच्या नाकासमोरून तरंगत खाली येतात.

पहिला घास मी पाहिला तो असा. आधी फक्त डोळे हलले. एक डोळा पुढे, दुसरा माझ्याकडे. एक पिल्लू जवळून गेलं, त्याच्यामागे तो डोळा फिरला. दुसरं गेलं, अंग किंचित आक्रसलं, शेपटी वाकली. तिसऱ्याला त्याने झेप घेतली, बोटभर अंतराचीसुद्धा नाही, आणि परत फांदीवर. तोंडात गेलं की नाही हे मला कळलंच नाही. मग जबडा दोनदा हलला. मी आजीला हाक मारली. ती चष्मा शोधत आली तोवर त्याने आणखी घेतली होती. दुसऱ्या दिवशी फांदीखाली नारिंगी रंगाची विष्ठा दिसली, तेव्हा माझी खात्री पटली. समोरून पाहिलं तर डोक्यामागची खाच आता भरत आली आहे.

एकदाच भरपूर देऊन भागत नाही. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. इथे आपल्या गावाची अडचण येते. न खाल्लेलं कुजतं, अमोनिया होतो, नायट्रेट वाढतं आणि पाणी बदलावं लागतं. पाणी बदलायचं म्हणजे आरओचं पाणी हवं, आणि आरओ एक बादली चांगलं देताना कितीतरी बादल्या बाजूला काढतो. पैठणहून, नाथसागरातून पाइपने येणारं पाणी पुंडलिकनगरात किती दिवसांच्या अंतराने येतं हे तुला मी सांगायला नको. शेजारी टँकरची वाट बघत असताना आपण माशासाठी पाणी ओतून देणं मला पटत नाही. म्हणून आरओचं बाजूचं पाणी पिंपात साठवते, त्यात फरशी पुसणं आणि संडास-बाथरूम सगळं होतं. आणि खाणं एवढंच देते की नळीतून सुटलेलं त्याच्या समोरच संपावं. हळू हाताने घातलं तर पाणी खरोखरच कमी खराब होतं. बाष्पीभवनाने आटलेल्या पाण्याच्या जागी मात्र रोज गोडं आरओचं पाणी घालावंच लागतं, नाहीतर खारेपणा चढतो. ते काम तुझ्या बाबांकडे आहे, चुकवत नाहीत.

वीज गेली तर बॅटरीवरचा हवापंप तयार ठेवला आहे. त्याची काळजी नको.

आता पुढची पायरी चालू आहे. जन्मभर अंडी फोडत बसणं कुणालाच शक्य नाही. नळीत जिवंत पिल्लांबरोबर गोठवलेली पिल्लं थोडी मिसळते. झेप घेण्याच्या भरात तो तीही घेतो. काही वेळा तोंडातून परत टाकतो, पण रोज टाकणं कमी होतंय. कोळंबी गोठवून बारीक किसणीवर किसून, गाळून, त्यातला अगदी भुगा देऊन पाहिला. हलत असेल तोवर घेतो, थांबला की नाही. गाबोळीचे सुटे दाणे त्याच्या तोंडाला मोठे पडतात.

आणि इथे तू हवीस. आर्टेमियात ताकद आहे, पण समुद्रातल्या माशांना लागणारं डीएचए हे मेदाम्ल त्यात नसल्यात जमा. नुसत्या त्यावर मासा जगतो, पण भरत नाही. कोपेपॉड या पाण्यातल्या बारीक जिवांमध्ये ते मुळातच असतं, आणि त्यांची पिल्लं आर्टेमियाहून कितीतरी बारीक. केरळात विळिंजमला मत्स्य संशोधनाच्या केंद्रीय संस्थेने माशांच्या पिल्लांसाठी कोपेपॉड वाढवण्याची पद्धत बसवली आहे, हे तुझ्या सरांना नक्की माहीत असेल. तुमच्या प्रयोगशाळेत, नाहीतर झाडगावच्या संशोधन केंद्रात कुणी ते वाढवत असेल, तर रीतसर विचारून थोडं बियाणं मागून घे. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आम्हाला ते दुसरीकडून मिळणं कठीण.

मिळालं तर रुंद तोंडाच्या बाटलीत, अर्धी बाटली पाणी आणि अर्धी हवा. बसमध्ये इंजिनाच्या बाजूला ठेवू नकोस, खिडकीच्या उन्हातही नको. सोबत हिरव्या शैवालाची एक लहान बाटली आण, त्यांना खायला लागतं. आल्यावर सगळे टाकीत सोडायचे नाहीत. निम्मे वेगळ्या बरणीत वाढवू, म्हणजे टाकीतले संपले तरी बी राहील. बरण्या घासून ठेवल्या आहेत.

कधी निघतेस ते दोन दिवस आधी कळव. आदल्या दिवशी अंडी भिजवते, म्हणजे आल्या दिवशीची पिल्लं तू गाळशील आणि नळी तू धरशील.

आजी बरी आहे. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आत्या