घरातल्या कुंडीलाही वापसा लागतो

आज उसाचं नाही, कुंडीचं लिहितोय. हसू नका. पावसाळा लागला की शहरात ऱ्हाणाऱ्या पोराबाळांचे फोन आपल्यालाच येतात. "घरात बारीक काळी चिलटं झालीत, काय मारू?" आता हे काय मारू म्हणजे काय, त्यावरच लिहायचंय.

माझी लेक कोल्हापुरात फ्लॅटमध्ये असते. हौसेनं पंधरा-वीस कुंड्या ठेवल्यात, मनीप्लँट, तुळस, जास्वंद. नात वर्षाची, रांगती, दिसेल ते तोंडात घालायच्या वयाची. गेल्या महिन्यात जावईबापूंचा फोन आला, "मामा, उसावर मारता त्यातलं थोडं औषध छोट्या बाटलीत आणा की. चिलटांनी जीव नको केलाय, आणि जास्वंदीला पांढरं कायतरी लागलंय."

मी सरळ नाही म्हणालो. जावयाला नाही म्हणणं सोपं नसतं, पण इथं म्हणावंच लागतं. शेतातलं औषध मोकळ्या रानात, वाऱ्याची दिशा बघून, तोंड बांधून मारायचं असतं. तरी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर गेले. हे मोकळ्या रानात झालं. मग खिडक्या लावलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथं लेकरू फरशीवर रांगतंय, तिथं काय होईल? शिवाय मूळ डब्यातलं औषध दुसऱ्या बाटलीत ओतलं की त्यावरचा रंगीत त्रिकोण गेला, उतारा काय द्यायचा ते गेलं. बाटली सरबताची का विषाची हे पोराला कसं कळावं? लाल, पिवळा, निळा, हिरवा, कुठलाही त्रिकोण असू दे, घरात नको.

पुढच्या रविवारी मी स्वतः गेलो. औषधाच्या ऐवजी पिशवीत वाळू, पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल नेलं.

आधी चिलटं. ही चावत नाहीत, उडणारं चिलट आठवडाभरात आपोआप मरतं. खरी कीड खाली मातीत असते. वरच्या इंच-दोन इंच ओल्या मातीत मादी १०० ते २०० अंडी घालते. आळी पांढुरकी, काळ्या डोक्याची. कुजका पाला, बुरशी खाते, आणि संख्या वाढली की बारीक मुळ्याही खाते. अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून उडणाऱ्यांवर कितीही फवारा, खालून नवी येतच ऱ्हातात.

खात्री करायची असेल तर बटाट्याची चकती मातीवर दाबून दोन-तीन दिवस ठेवा. उचलून खालची बाजू बघा, आळ्या असल्या तर तिथं दिसतील.

लेक रोज सकाळी पाणी घालत होती. कोकोपीट वरून सुकं दिसतं, आत चिंब असतं. मी म्हणालो, "बाई, आपण रानात वापशाशिवाय औत घालतो का? मग कुंडीला वापसा नको?" बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं. वर बोटभर जाड वाळूचा थर द्यायचा, म्हणजे मादीला अंडी घालायला ओल मिळत नाही. सापळा मातीलगत लावायचा. एवढ्यानं भागलं नाही तर डासांच्या आळीवरचं बीटी, म्हणजे इस्राएलेन्सिस जातीचं, पाण्यातून मातीला द्यावं. आपण बोंडअळी-फळअळीवर मारतो ते कुर्स्टाकी वेगळं, त्याचा इथं उपयोग नाही.

जास्वंदीचं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण, आपला मिलीबग. अंगावर मेण असतं, म्हणून नुसतं पाणी घसरून जातं. जास्त लागलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकला. बाकी ओल्या कापसानं पुसून काढलं. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण फेटून संध्याकाळी, कुंडी गॅलरीत नेऊन, पानाच्या खालून मारलं. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघायचं. आठवड्यानं परत, असं तीनदा. मुंग्यांची वाटही तोडा. मिलीबगचा गोड चिकटा खायला त्या येतात आणि त्याच्या शत्रूंना हाकलतात.

२००२ च्या पावसाळ्यात सांगलीकडं उसावर लोकरी मावा दिसला आणि मग आपल्याकडंही आला, ते जुन्या मंडळींना आठवत असंल. डोक्यावर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरायचं, पानाच्या खालचा मावा तसाच. शेवटी आवरला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. त्या असलेली पानं एका रानातनं दुसऱ्या रानात नेऊन लावली लोकांनी. कीड ऱ्हाते कुठं, खाते काय, हे कळल्यावरच ती आवरते. उसात तसं, कुंडीत तसं.

तीन आठवड्यांनी लेकीचा फोन आला, "आप्पा, सापळ्यावर आता एखाद-दुसरंच दिसतंय." जास्वंदीवर अजून कुठं कुठं पांढरं आहे. ते एका दमात जात नाही, पुसत ऱ्हायचं.

नर्सरीतनं नवी कुंडी आणली की दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा, पानं उलटून बघा. आणि गावाकडच्या सगळ्यांना एकच सांगणं, शहरातल्या लेकरांनी मागितलं तरी शेतातलं औषध बाटलीत भरून देऊ नका. राग आला तर येऊ दे. पिशवीभर वाळू द्या.

तुम्ही काय करता ते खाली लिहा.