उमेदीची वाट बघू नकोस

प्रिय चिनू,

तुझा मेसेज वाचला. ‘मावशी, पूर्वपरीक्षा गेली त्याचं आता काही वाटत नाही, पण सकाळी उठायचं कशासाठी, तेच कळत नाही.’ ताई म्हणाली, तू अभ्यासिकेत जाणं सोडलंयस, मेसचा डबा न उघडता परत जातो, झोप लागते ती पहाटे. हे सगळं महिनाभर चाललंय. बाळा, हा आळस नव्हे. ही नैराश्याची लक्षणं दिसतात आणि त्यावर उपचार आहेत.

‘आधी ध्येय सापडू दे, मग कामाला लागते,’ असं तू लिहितेस. पण उमेद जाणं हे या आजाराचं लक्षणच आहे. तिची वाट बघत खोलीत पडून राहिलीस, तर आजार आणखी बळावेल. आधी थोडं हातपाय हलवायचे, उमेद मागून येते.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हेच करून पाहिलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते; प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तुम्ही पूर्वी काय करायचात, आता काय सुटलंय, त्यातलं एखादं छोटं काम या आठवड्यात कराल का, असं ते रुग्णाशी बसून ठरवत. अशा सहा ते आठ भेटी. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनंतर नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण या गटात 64 टक्के होतं, तर फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 39 टक्के.

तूही एवढंच कर. सकाळी सारसबागेपर्यंत चालून ये. डबा मैत्रिणींबरोबर बसून खा. मेसवाल्या काकूंचा मुलगा दहावीला आहे ना? संध्याकाळी अर्धा तास त्याला गणित शिकव. नंतर कसं वाटलं, ते वहीत लिही.

आणि ध्येयाचं म्हणशील, तर आठव. आजीला सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालताना बघून तू म्हणाली होतीस, ‘लोकांची कामं वेळेवर करणारी अधिकारी होईन.’ पद मिळेल की नाही, हे जागा किती निघतात त्यावरही ठरतं. लोकांची कामं व्हावीत ही तळमळ मात्र तुझी आहे, ती कुठल्याही निकालाने जात नाही. आज काकूंच्या मुलाचं गणित सुटलं, तरी ती कामाला आलीच.

मात्र यातलं काहीही डॉक्टरांना पर्याय म्हणून सांगत नाहीये. त्यांनी गोळ्या दिल्या तर नियमित घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. रात्री फार घाबरं झालं, तर 14416 या ‘टेलि-मानस’च्या नंबरवर फोन कर, तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जगू नये असा विचार नुसता डोकावला, तरी लगेच मला उठव. कितीही वाजलेले असोत.

शनिवारी मी पुण्याला येतेय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आपण दोघी जाऊ. ताईशी मी बोलले आहे. तिला निकालाची नाही, तुझी काळजी आहे.

तुझी,
मावशी