चिकित्सकपणा एकट्याने होत नाही



पोस्ट मोठी आहे. पण घरात लहान मूल असेल, किंवा येत्या सुट्टीत तान्ह्या बाळाला घेऊन भारतात जाणार असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

"फार चिकित्सक आहे हो ती!" हे आपल्याकडे कौतुकाने क्वचितच म्हणतात. प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी, असाच सूर असतो. पण शब्द किती छान आहे बघा. चिकित्सा म्हणजे उपचार, आणि चिकित्सा म्हणजे नीट पारखून बघणं. हे दोन्ही अर्थ किती जवळचे आहेत, ते मला २०१७ च्या एप्रिलमध्ये मिनिआपोलिसमध्ये कळलं.

तेव्हा माझा मुलगा आठ महिन्यांचा होता आणि आमच्या काउंटीत गोवराची साथ आली. इथे एमएमआर लसीचा पहिला डोस १२ ते १५ महिन्यांच्या दरम्यान देतात. म्हणजे त्याला अजून लस नाही. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. आजूबाजूला कुणालाच संरक्षण नसेल, तर एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. अशा वेळी बाळाचं रक्षण करते ती शेजारपाजारच्या मुलांनी घेतलेली लस. साधारण ९५ टक्के लोकांना लस मिळालेली असेल, तरच गोवर पसरायचा थांबतो.

त्या साथीत ७५ च्या आसपास रुग्ण सापडले. सुदैवाने कुणी दगावलं नाही. बहुतेक रुग्ण सोमाली कुटुंबांतली लहान मुलं होती. आपल्याच काही लोकांच्या तोंडून तेव्हा ऐकलं, "अडाणी आहेत, दुसरं काय!" मला ते फार लागलं, कारण ते खरं नव्हतं. २००४ साली याच समाजातल्या दोन वर्षांच्या ९२ टक्के मुलांना एमएमआर दिलेली होती. २०१४ पर्यंत तो आकडा ४२ टक्क्यांवर आला. दहा वर्षांत माणसं अडाणी होत नाहीत. मधल्या काळात काहीतरी घडलं होतं.

घडलं ते असं. २००८ च्या सुमारास इथल्या सोमाली आयांना वाटू लागलं की आपल्या मुलांमध्ये ऑटिझम जास्त दिसतोय. प्रश्न रास्त होता. नवा देश, नवी भाषा, आणि मुलगा बोलत नाही. पण नीट उत्तर मिळायला फार वेळ गेला. विद्यापीठाचा अभ्यास २०१३ च्या शेवटी आला. त्यात सोमाली मुलांमध्ये ३२ पैकी एक आणि गोऱ्या मुलांमध्ये ३६ पैकी एक, म्हणजे जवळपास सारखंच प्रमाण निघालं. मात्र ऑटिझम असलेल्या सोमाली मुलांमध्ये बौद्धिक अडचणी जास्त आढळल्या. मधल्या वर्षांत जी पोकळी राहिली, तिथे लसविरोधी मंडळी शिरली. त्यांच्याकडे तयार उत्तर होतं: एमएमआर.

हे उत्तर आलं होतं लंडनहून. अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक शोधनिबंध छापला. त्यात मुलं फक्त १२. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने चिकाटीने खोदून काढलं, की लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्डला पैसे मिळाले होते आणि मुलांच्या नोंदी निबंधात बदलून मांडल्या होत्या. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला, त्याच वर्षी वेकफिल्डचा ब्रिटनमधला डॉक्टरकीचा परवाना गेला. त्यानंतरही तो मिनिआपोलिसला येऊन सोमाली पालकांना भेटला. ज्याला त्याच्याच देशात कुणी विचारेना, तो स्थलांतरितांच्या दारात आला.

मग इतक्या पालकांना ते पटलं कसं? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, म्हणून. ऑटिझमची लक्षणं पालकांच्या लक्षात यायचं वय आणि लसीचं वय जवळजवळ एकच आहे. लस नसती तरी ती लक्षणं तेव्हाच दिसली असती. हे नुसतं म्हणायचं नाही, तपासायचं. जपानने १९९३ मध्ये वेगळ्या कारणासाठी एमएमआर बंद केली, तरी योकोहामात ऑटिझमचं निदान वाढतच राहिलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: लसीमुळे ऑटिझमचा धोका वाढत नाही.

यात एक गोष्ट बघा. पत्रकाराने कागद शोधले, डॅनिश संशोधकांनी आकडे मोजले, जपानी डॉक्टरांनी नोंदी तपासल्या. आणि इथे साथ आटोक्यात आणताना सोमाली डॉक्टर, आरोग्यसेविका आणि मशिदींतले इमाम आपल्या लोकांशी आपल्या भाषेत बोलले. अफवा विश्वासाच्या माणसाकडून आली होती, खरी माहितीही विश्वासाच्याच माणसाकडून यावी लागली.

आपल्याला हे नवीन नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर पेशाने डॉक्टरच. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, आणि ती चालली गावोगावच्या शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा साध्या कार्यकर्त्यांवर. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. समितीचं काम आजही चालू आहे, कारण ते कधी एकट्याचं नव्हतंच.

साथीनंतर आम्ही पाच मराठी घरांनी मिळून एक सवय लावून घेतली. कुठलाही फॉरवर्ड आला की एकत्र तपासायचा. एक ताई नर्स आहेत, त्या वैद्यकीय भाग बघतात. एक दादा अकाउंटंट आहेत, त्यांचा एकच प्रश्न: "यात पैसे कुणाला मिळाले?" मी मूळ लेख शोधते. 'नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवलं' हा आपला लाडका फॉरवर्ड घ्या. मुळात तो १९८५ सालचा रिक ब्रिग्ज यांचा लेख. ते नासाच्या एका केंद्रात संशोधन करत होते, आणि संस्कृत व्याकरणाची विश्लेषणाची पद्धत संगणकात ज्ञान मांडण्याच्या पद्धतीशी जुळते, असं त्यांनी लिहिलं. नासाने काहीच ठरवलं नव्हतं. खरी गोष्टही अभिमान वाटावा अशीच आहे, ती फुगवायची गरज काय?

पण खरी परीक्षा झाली ती आमच्या ओळखीच्या एका आईने १३ महिन्यांच्या लेकीची लसीची अपॉइंटमेंट रद्द केली तेव्हा. गावाकडच्या एका वडीलधाऱ्यांनी व्हिडिओ पाठवला होता. कुणी तिला हसलं नाही. पोहे केले, चहा ठेवला आणि तिला बोलू दिलं. तिथे ऑटिझम असलेल्या मुलाची एक आईही होती. ती शांतपणे म्हणाली, "लोक माझ्या मुलाकडे बोट दाखवून लस टाळतात. तो काय धोक्याची पाटी आहे का? त्याला गोवर झाला तर चालेल का कुणाला?" सगळे गप्प झालो. मग त्या तरुण आईने तिचे सात प्रश्न कागदावर लिहिले आणि ते घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात लस झाली.

वडीलधाऱ्यांशी बोलतानाही हेच उपयोगी पडतं. "आई, हे खोटं आहे" म्हटलं की फोन दोन मिनिटांत संपतो. "आई, हे तुला कुणी पाठवलं गं? त्यांना कुठून कळलं?" असं विचारलं की ती स्वतःच शोधायला लागते. मुलं हे सगळं ऐकत असतात. माझा लेक हल्ली मलाच विचारतो, "आई, तुला कसं माहीत?" उत्तर द्यायला कधीकधी जड जातं, पण प्रश्न मला आवडतो.

आता कामाचं. अमेरिकेतून सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी नेणार असाल, तर प्रवासाआधी एमएमआरचा एक डोस द्यावा, असा सीडीसीचा सल्ला आहे. तो जास्तीचा डोस. वर्षानंतरचे दोन घ्यावे लागतातच. भारतात गोवराची पहिली लस नवव्या महिन्यापासून देतात, इतर देशांत वेळापत्रक वेगळं आहे. म्हणून तिकीट काढताना आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा, आणि दोन्हीकडचं लसीकरणाचं कार्ड बॅगेत ठेवा.

तुमच्या गावात असं चार-पाच घरांचं काही आहे का? तुम्ही कुठला फॉरवर्ड तपासलात, काय निघालं? खाली लिहा. आणि शंका असेल तर बिनधास्त विचारा. इथे कुणी हसणार नाही.