उपाली नावाचे दोघे आणि कँडीचं बंद दार

"बौद्ध देशात शिकून आलीस. तिथे तरी जात नसेल ना?"

श्रीलंकेहून परतल्यापासून कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली, ठाणे, जिथे जिथे अभ्यासवर्गाला बसते तिथे हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं: नसेलच. पण मित्रांनो, खरं उत्तर उलटं आहे. तिथे जात आहे. ती फक्त घरात आणि लग्नात नाही, थेट भिक्खूसंघाच्या दारात बसलेली आहे. हे ऐकून काही जण खट्टू होतात, काही रागावतात. माझं म्हणणं असं, की हे नीट समजून घेतलं तर बाबासाहेबांनी १९५६ साली नेमकं काय केलं ते जास्त स्पष्ट दिसतं.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी कल्याण पूर्वेची, कोळसेवाडीत वाढलेली. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामगार होते. रविवारी विहारात वंदना, १४ एप्रिलला मिरवणूक, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, हे आपल्या सगळ्यांसारखंच. पाली विषय घेऊन बी.ए. केलं आणि पुढे श्रीलंकेत पेराडेनिया विद्यापीठात पाली आणि बौद्ध अध्ययन शिकायला गेले. पेराडेनिया कँडी शहराला लागून, महावेली नदीच्या काठी आहे. कँडीला तिथले लोक 'महनुवर' म्हणतात, म्हणजे मोठं नगर. सिंहली राजांची ही शेवटची राजधानी. १८१५ साली ती इंग्रजांच्या ताब्यात गेली. बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर, दळदा मालिगाव, याच शहरात. जगभरातून बौद्ध इथे येतात.

तिथल्या सोबत्यांना भारतातले बौद्ध म्हटलं की बोधगया आणि सांची एवढंच आठवायचं. मी त्यांना सोपाऱ्याच्या अशोकाच्या शिलालेखाबद्दल सांगायची. कान्हेरीच्या लेण्यांत आमच्या कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, हे सांगायची. त्यांना नवल वाटायचं. मला नवल वाटायला लावलं ते कँडीच्या इतिहासाने.

एका उपालीने उघडलेलं दार

अठराव्या शतकात श्रीलंकेत उपसंपदा बंद पडली होती. म्हणजे नवा भिक्खू घडवायला पुरेसे उपसंपन्न भिक्खूच उरले नव्हते. वेलिविट सरणंकर या श्रामणेराच्या प्रयत्नाने आणि राजा कीर्ती श्री राजसिंह याच्या पाठिंब्याने सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, भिक्खू बोलावले गेले. १७५३ साली कँडीत उपसंपदा पुन्हा सुरू झाली. सयामहून आलेल्या त्या भिक्खूंच्या प्रमुखाचं नाव होतं उपाली. म्हणून या संघाला 'सियाम निकाय' म्हणतात. मल्वत्त आणि अस्गिरिय हे त्याचे दोन प्रमुख विहार, दोन्ही कँडीतच.

उपाली हे नाव आपल्याला चांगलं माहीत आहे. कपिलवस्तूचा न्हावी उपाली. शाक्य राजपुत्र संघात यायला निघाले तेव्हा त्यांनीच भगवंतांना विनंती केली, की उपालीला आमच्याआधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा कुळाचा गर्व मोडेल. तोच न्हावी पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला. पहिल्या संगीतीत विनय त्याने सांगितला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी त्याची कथा आवर्जून घेतली आहे.

आता पुढचं बघा. या महान नावाच्या भिक्खूने कँडीत दार उघडलं आणि दहा-अकरा वर्षांत, १७६४ च्या सुमाराला, ते दार एका जातीपुरतं ठेवलं गेलं. सियाम निकायात उपसंपदा फक्त गोविगम, म्हणजे शेती करणाऱ्या वरच्या जातीलाच. कपिलवस्तूचा उपाली कँडीत आला असता तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं!

बाहेर राहिलेले गप्प बसले नाहीत. सालागम ही दालचिनी सोलणाऱ्यांची जात. त्यांच्यातले अंबगहपिटिये ञाणविमल हे सोबत्यांना घेऊन समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपुरला गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ साली परत येऊन स्वतःचा संघ उभा केला. तो अमरपुर निकाय. कँडीच्या मक्तेदारीला धम्माच्याच आधाराने दिलेलं ते उत्तर होतं. पण पुढे त्या निकायाचेही जातीजातीने गट पडले. १८६४ साली स्थापन झालेल्या रामञ्ञ निकायाने जातीचा निर्बंध मानला नाही. आज हे तिन्ही निकाय आहेत, आणि पहिल्याचं दार अजूनही जात बघूनच उघडतं.

वासगम, म्हणजे तिथलं आडनाव

डोंबिवलीत भाड्याने घर शोधताना मला एकाने नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग म्हणाला, "घर कालच गेलं." हा अनुभव आपल्यातल्या कुणाला नवा नाही. कँडीत मी परदेशी होते. माझ्या आडनावावरून तिथे कुणाला काही कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आडनाव सांगताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघावं लागलं नाही. ती मोकळीक काय असते ते शब्दांत सांगता येत नाही.

पण माझ्या वर्गातल्या एका सिंहली मैत्रिणीला ती मोकळीक तिच्याच देशात नव्हती. तिथे घराण्याचं नाव असतं, त्याला 'वासगम' म्हणतात. त्यावरून जात कळते. अनेक कुटुंबं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ते नाव बदलून घेतात. आपल्याकडे लोक गॅझेटमध्ये आडनाव बदलतात, अगदी तसंच. रविवारच्या पेपरात लग्नाच्या जाहिराती वाचा: 'गोवि बौद्ध' कुटुंबाला 'गोवि बौद्ध' स्थळ हवं. मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे जातीबद्दल कुणी बोलत नाही. फक्त लग्नाच्या वेळी सगळ्यांना ती आठवते." मी म्हटलं, "अगं, आमच्याकडेही पुरोगामी लोक असंच सांगतात."

ढोल वाजवणारे कोण?

जुलै-ऑगस्टमध्ये कँडीत एसला पेरहेर ही मोठी मिरवणूक निघते. सजवलेले हत्ती, मशाली, नर्तक, शेकडो ढोल. पर्यटक फोटो काढतात. मी विचारत राहिले की हे ढोल वाजवणारे कोण. उत्तर मिळालं: बेरव. ढोल वाजवणं हे त्या जातीचं परंपरागत काम. धुण्याचं काम वेगळ्या जातीचं, मशालींचंही ठरलेलं. देवस्थानाची जमीन कसायची आणि त्या बदल्यात पिढ्यान्पिढ्या सेवा करायची. राजाची सक्तीची सेवा इंग्रजांनी १८३२ साली बंद केली, पण विहारांच्या जमिनींवरची सेवा पुढेही चालू राहिली.

मित्रांनो, हे वाचताना तुम्हाला काय आठवलं? मला महार वतन आठवलं. जमिनीचा तुकडा द्यायचा आणि त्या बदल्यात माणसाला जन्मभर राबवायचं. ती बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. समाजाचा सन्मान म्हणून जे दाखवलं जातं ते काम कुणाच्या वाट्याला जन्मानेच आलेलं असतं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. बेरव समाजातली अनेक तरुण मुलं आता ढोल हातात घ्यायला तयार नाहीत. त्यांचं मला बरोबर कळलं. आपल्या आजोबांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावाने त्यांनाही परंपरा मोडणारे म्हटलं होतं.

आणि कँडी शहर झाडतं कोण? महय्यावा भागातल्या वस्तीत नगरपालिकेचे सफाई कामगार राहतात. त्यांचे पूर्वज इंग्रजांच्या काळात तमिळ प्रदेशातून आणलेले, बहुतेक दलित जातींचे. समुद्र ओलांडला तरी झाडू हातातून सुटला नाही.

न्यायाने हेही सांगायला हवं, की श्रीलंकेतली सिंहली जात आपल्यासारखी क्रूर नाही. तिला मनुस्मृतीचा आधार नाही. गोविगम हीच संख्येने सर्वांत मोठी जात आहे. १९४५ पासून तिथे शिक्षण मोफत आहे, त्यामुळे शाळेत सगळी मुलं एकत्र बसली. खालच्या मानलेल्या जातीतून आलेले प्रेमदासा १९८९ साली राष्ट्राध्यक्ष झाले. हे सगळं खरं. पण सौम्य जात म्हणजे जात नसणं नव्हे.

"तुमच्या बावीस प्रतिज्ञा बुद्धवचन नाहीत"

एकदा चर्चेत एक तरुण भिक्खू मला हे म्हणाले. शांतपणे म्हणाले, अपमान करायचा हेतू नव्हता. त्यांच्या मते आमचा धम्म राजकीय आहे, शुद्ध नाही. मी तिथल्या रीतीने "हामुदुरुवने" असं संबोधून विचारलं, "उपसंपदेसाठी जात बघणं कोणत्या सुत्तात आहे?" ते थोडा वेळ थांबले. म्हणाले, "ती परंपरा आहे. धम्म नाही." मी म्हटलं, "मग आम्ही तेवढंच केलं. परंपरा सोडली, धम्म घेतला. आणि परंपरा मागच्या दाराने परत येऊ नये म्हणून दाराला बावीस कड्या लावल्या."

बाबासाहेब हे सगळं न बघता बोलत नव्हते. मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने ते सिलोनला आले, कँडीलाही आले. प्रतिनिधी म्हणून नव्हे. बौद्धांचे विधी कसे चालतात आणि धम्म इथे किती जिवंत आहे हे पाहायला ते आले होते. त्याच दौऱ्यात कोलंबोत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना धम्म स्वीकारायचं आवाहन केलं. पुढे ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारलं, की भिक्खू कशासाठी, स्वतः पूर्ण पुरुष होण्यासाठी की लोकांची सेवा करण्यासाठी? कँडीत राहून आल्यावर त्या प्रश्नाची धार कळते. धम्म तयार होता, बौद्ध देशही होते. तरी बाबासाहेबांनी तो जसाच्या तसा उचलला नाही, तपासून घेतला. समता मानण्याची आणि ती प्रस्थापित करण्याची प्रतिज्ञा त्यांनी दीक्षेतच घातली, ती यासाठी.

म्हणून कुणी बौद्ध देशातला विद्वान 'तुमचा बौद्ध धम्म अस्सल नाही' म्हणाला तर मान खाली घालू नका. त्याचबरोबर स्वतःकडेही बघा. आपल्या वधू-वर मेळाव्यांत आजही सोमवंशी, लाडवण, बावणे विचारलं जात नाही का? मातंग, चर्मकार कुटुंबातून धम्मात आलेल्या मुलाला आपण जावई करतो का? कँडीवर बोट दाखवायचा अधिकार आपल्याला या प्रश्नांची उत्तरं देऊनच मिळेल.

शेवटचा मुद्दा शिक्षणाचा. गोव्याहून निघालेले धर्मानंद कोसंबी १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पोहोचले, पाली शिकले आणि त्रिपिटकाचं ज्ञान मराठीत आणलं. आज आपल्या मुलांना तो रस्ता कठीण आहे. राज्याची परदेश शिष्यवृत्ती जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांसाठी आहे. मी वडिलांच्या पीएफवर शिकले. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ च्या नियमांनी भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरचं संशोधनच वगळलं. म्हणजे आपल्याच इतिहासावर परदेशात अभ्यास करायचा असेल तर सरकारचे पैसे मिळणार नाहीत. यावर संघटनांनी निवेदनं द्यावीत, लढावं. आणि प्रत्येक वस्तीतल्या विहाराने दरवर्षी एका तरी मुलाच्या किंवा मुलीच्या पालीच्या शिक्षणाचा खर्च उचलावा. रोषणाईला आणि डीजेला आपण जेवढा खर्च करतो, त्याच्या काही भागात हे होईल.

जा, शिका, त्रिपिटक मूळ भाषेत वाचा, बौद्ध देश डोळ्यांनी बघा. पण बघताना डोळे बाबासाहेबांचे ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!