मोजक्यांसाठी घडवलेला उजेड

ज्या वस्तूचे पन्नासच नग निघणार आहेत आणि प्रत्येक नगावर त्याचा क्रमांक कोरलेला आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाला ती श्रीमंतांची चैन वाटते, दुसऱ्याला कारागिरीची शेवटची आशा. संग्राहकांसाठी खास घडवलेली एलईडी टॉर्च ही अशीच वस्तू आहे. टायटॅनियमच्या किंवा तांब्याच्या सळीतून लेथवर काढलेली नळी, हातातून निसटू नये म्हणून तिच्यावर पाडलेल्या खाचा, कुठेही न अडखळता फिरणारे आटे, काचेमागे पारखून बसवलेला एलईडी आणि अंधारात टॉर्च कुठे ठेवली आहे ते कळावं म्हणून बाजूच्या खोबणीत ट्रिटियमची बारीक कांडी. जगभरात अशा टॉर्च जमवणारी माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्या एका-दोघांच्या कार्यशाळा आहेत. अशा टॉर्चची किंमत साध्या टॉर्चच्या कित्येक पट असते. ती योग्य की अयोग्य हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो टॉर्चपुरता उरत नाही. थोड्यांसाठी काही घडवण्याला समाजात जागा केव्हा असावी, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की, थोड्यांसाठी घडवलेली वस्तू सगळ्यांसाठी बनणाऱ्या वस्तूला जे शिकवते, त्यावर तिचं मोल ठरावं. नगांची संख्या कमी असणं हे आपोआप मोल ठरत नाही.

हे म्हणणं तपासायला छत्रपती संभाजीनगरइतकं चांगलं ठिकाण शोधून सापडणार नाही. या शहराची एक ओळख हिमरू आहे. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकरही इकडे आले, अशी परंपरा सांगितली जाते. राजघराण्यांसाठी सोन्यारुप्याच्या जरीत रेशमी किनखाब विणला जाई. तो अंगावर घालणारी माणसं मोजकीच असणार, हे त्याच्या किमतीनेच ठरलेलं होतं. त्याच नक्षीचं, त्याच विणीचं ज्ञान सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणात उतरवलं गेलं आणि हिमरू तयार झाला. किनखाब ज्यांना कधीच परवडला नसता, त्यांच्या शेरवानीवर आणि शालीवर ती वेलबुट्टी आली. सोनं खाली आलं नाही, पण सोन्याच्या निमित्ताने जमलेलं कौशल्य खाली आलं. किनखाबाचं आजच्या माणसाने जर काही समर्थन करायचं असेल, तर ते दरबारी थाटावरून करता येणार नाही, हिमरूवरून करता येईल. दुर्मीळ वस्तूला लावायची कसोटी या शहराने आपल्या मागांवर फार पूर्वीच दाखवून दिली आहे.

आता ही कसोटी टॉर्चला लावू. पहिलीच गोष्ट अशी दिसते की, दुर्मीळपणाचा मोह आणि उत्तम प्रकाश यांच्या वाटा अनेकदा वेगळ्या होतात. संग्राहकांना टायटॅनियमची मोठी ओढ आहे. ते हलकं आहे, गंजत नाही, तापवलं की त्यावर निळी-जांभळी झाक चढते, आणि कापायला चिवट असल्यामुळे ते घडवणं महाग पडतं. पण टॉर्चचा खरा शत्रू उष्णता आहे. एलईडी तापला की त्याचा उजेड घटतो, आयुष्य कमी होतं, आणि आतलं सर्किट त्याला वाचवण्यासाठी प्रवाह उतरवतं. ही उष्णता बाहेर काढायचं काम नळीच्या धातूचं असतं. टॉर्चसाठी सर्रास वापरलं जाणारं ॲल्युमिनियम हे काम टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूपेक्षा सुमारे पंचवीस पट चांगलं करतं. तांबं तर पन्नास पटींहून चांगलं. म्हणजे जास्त वेळ प्रखर राहणाऱ्या टॉर्चसाठी सर्वांत महाग धातू हा सर्वांत गैरसोयीचा धातू ठरतो. टायटॅनियममागे सौंदर्याची हौस असेल तर तसं सरळ म्हणावं. हौस असणं वाईट नाही. हौसेला गुणवत्ता म्हणून विकणं मात्र वाईट आहे. धातू, क्रमांक आणि मखमली पेटी एवढ्यावरच एखादी मर्यादित आवृत्ती उभी असेल, तर तिच्याकडे इतरांना शिकवण्यासारखं काही नाही.

पण याच छोट्या कार्यशाळांनी एका बाबतीत मोठ्या बाजारापेक्षा कितीतरी जास्त आस्था दाखवली आहे, आणि ती बाब म्हणजे प्रकाशाचा कस. शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये प्रखर निळा एलईडी यशस्वी केला. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा एलईडी बनला, आणि 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल नाकामुरा, इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना मिळालं. मात्र निळं अधिक पिवळं मिळून डोळ्याला जे पांढरं वाटतं, त्यात तांबड्या छटांची उणीव असते. वस्तूंचे रंग एखाद्या दिव्याखाली किती खरे दिसतात ते सीआरआय नावाच्या अंकाने मोजतात. सूर्यप्रकाश किंवा तापलेल्या तारेचा दिवा शंभर धरला जातो. या अंकातही एक पळवाट आहे. नेहमी सांगितली जाणारी सरासरी पहिल्या आठ फिकट नमुन्यांवरून काढतात. गडद तांबड्याचा नववा नमुना तिच्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे सीआरआय ऐंशी सांगणाऱ्या दिव्याखालीही गडद तांबडा निस्तेज दिसू शकतो. बाजार फक्त ल्युमेनचे, म्हणजे एकूण उजेडाच्या मात्रेचे, आकडे ओरडून सांगतो. संग्राहक मात्र हा नववा आकडा विचारतात, आणि कारागीर तो आकडा चांगला असलेला एलईडी शोधून बसवतात.

हा नववा आकडा म्हणजे हौशी लोकांचा काथ्याकूट, असं कुणाला वाटेल. त्याचं उत्तर शहरापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्यात आहे. वाकाटक काळातल्या त्या चित्रांचे रंग मुख्यतः मातीचे आणि दगडांचे: गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि निळ्यासाठी दूरच्या अफगाण प्रदेशातून येणारा लाजवर्द. या भिंतींवरच्या त्वचेच्या छटा, वस्त्रं, सावल्या यांचा सगळा डोलारा गेरूवर उभा आहे. ज्या प्रकाशात तांबडं दुबळं आहे, त्या प्रकाशात अजिंठा मातकट दिसणार. पूर्वी पांढरं कापड आणि आरसे धरून बाहेरचं ऊन लेण्यात परतवत आणि त्या उजेडात चित्रं दाखवत. तो उजेड मंद होता, पण खरा होता. 1991 मध्ये बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची छायाचित्रं घेतली तीही अगदी मंद प्रकाशात, आणि बोधिसत्त्व पद्मपाणीच्या अंगावरचे सूक्ष्म रंग जगाने पाहिले. आज लेण्यात फ्लॅश वापरायला मनाई आहे आणि ती रास्तच आहे. या साऱ्यातून निघणारी गोष्ट टॉर्च बनवणाऱ्याने मनावर घ्यावी अशी आहे: नीट पाहण्यासाठी उजेड झगझगीत असावा लागत नाही, प्रामाणिक असावा लागतो.

अजिंठा ही फार दुर्मीळ गरज झाली, असं म्हणून कुणी हा मुद्दा बाजूला सारू शकेल. म्हणून मराठवाड्यातली रोजची गरज पाहू. अनेक भागांत शेतीपंपांची थ्री फेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रपाळी आली की शेतकरी मध्यरात्री पिकात दारं धरायला उतरतो. त्या वेळी त्याच्या हातातली बॅटरी हा त्याचा एकमेव आधार असतो. घोणसाच्या अंगावरचे तपकिरी ठिपके कोरड्या मातीत आणि पाचोळ्यात मिसळून जातात. तपकिरीवरचं तपकिरी ओळखायचं तर प्रकाशात तांबड्या-पिवळ्या छटा शाबूत असाव्या लागतात. निळसर, थंड झोतात माती, पाचोळा आणि साप एकाच राखाडी रंगाचे होण्याचा धोका असतो. शिवाय त्याला उजेड तासन्‌तास टिकणारा हवा. टॉर्चच्या मोजमापाचं एक अमेरिकी प्रमाण 2009 पासून वापरात आहे. त्यात चालण्याचा काळ सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. म्हणून खोक्यावर ‘आठ तास’ असलं तरी त्यातले बरेच तास मिणमिणते असू शकतात. खरा रंग, स्थिर उजेड, बदलता येणारा सेल, पाणी न शिरणारी नळी, उघडून दुरुस्त करता येणारी रचना ही संग्राहकांच्या मागण्यांची यादी आहे, आणि ती रात्री दारं धरणाऱ्या माणसाच्या गरजांची यादीही आहे. या दोन याद्या शब्दशः जुळतात. फरक एवढाच की, पहिल्या यादीला घडवणारा भेटला आहे, दुसरीला अजून भेटायचा आहे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा आहे. रंग खरा दाखवणारा एलईडी तेवढ्याच विजेत काही कमी ल्युमेन देतो, महागही पडतो. मग तो स्वस्त टॉर्चमध्ये कोण घालणार? उजेड कमी पडतो हे खरं आहे, पण डोळ्याची जाणीव ल्युमेनच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. उजेड एक पंचमांशाने घटला तरी तो सहजी लक्षात येत नाही. रंग हरवला तर लगेच येतो. आणि किमतीचं म्हणाल तर एलईडीचाच इतिहास साक्षीला आहे. सरकारी खरेदीत एलईडी बल्बचा दर 2014 मध्ये 310 रुपये होता. उजाला योजनेच्या घाऊक मागणीमुळे 2016 मध्ये तो 38 रुपयांवर आला. महाग वस्तू महागच राहते हा नियम नाही. मागणी कशाची करायची हे कळलं पाहिजे. 1979 च्या मॅगलाइट टॉर्चची गोष्टही हेच सांगते: पोलीस आणि अग्निशमन दलांसाठी ॲल्युमिनियममध्ये घडवलेली ती दणकट नळी पुढे घराघरांत गेली आणि टॉर्चकडून काय अपेक्षा ठेवावी हेच तिने बदललं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो घडवणाऱ्यांचा आहे. मर्यादा घातली नाही तर भाव मिळत नाही, भाव मिळाला नाही तर छोटी कार्यशाळा जगत नाही. वाळूजमधल्या कुठल्याही छोट्या उद्योजकाला हे पटेल. 1985 मध्ये बजाजचा कारखाना तिथे सुरू झाल्यापासून वाळूज आणि चिकलठाण्याच्या शेडमध्ये पुरवठादारांची एक पिढी वाढली आहे. शतांश मिलिमीटरच्या आत आटे काढणं हे तिथलं रोजचं काम. त्यांना ठाऊक आहे की, मशीन लावायला, हत्यारं जुळवायला, पहिला नग पास व्हायला लागणारा वेळ पन्नास नगांवर वाटला तर प्रत्येक नग महागच पडतो. म्हणून थोडे नग आणि जास्त भाव यात लबाडी नाही. पण हाताच्या आणि यंत्राच्या ताकदीने पडलेली मर्यादा वेगळी, आणि भाव चढता राहावा म्हणून मुद्दाम राखलेली मर्यादा वेगळी. पहिली घडवणाऱ्याला जगवते. दुसरीत घडवणारा हळूहळू टंचाईचा व्यापारी होतो, आणि त्याच्या प्रयोगांतून मिळालेलं ज्ञान पेटीत बंद राहतं.

तिसरा आक्षेप संग्राहकांचा: आम्ही नसतो तर कितीतरी कला मेल्या असत्या. हे मी मान्य करतो. जस्त-तांब्याच्या काळ्या मिश्रधातूवर चांदी जडवण्याचं बिदरी काम या शहरातही होतं. ते आज टिकून आहे ते भेटवस्तू घेणाऱ्यांमुळे आणि संग्राहकांमुळे. पण बिदरीचे हुक्के, सुरया, पानदान एकेकाळी रोज हाताळले जात होते. वापर सरला तशी ती शोकेसमध्ये गेली, आणि कारागिराला चूक दाखवणारा, सुधारणा मागणारा वापरणारा माणूसच उरला नाही. संग्राहक वस्तू जपतो, पण न वापरलेली वस्तू तक्रार करत नाही, आणि तक्रारीशिवाय कौशल्य पुढे सरकत नाही. जी टॉर्च कधी लावलीच गेली नाही, तिचा आटा झिजणार नाही, ती तापणार नाही, तिचा सेल संपणार नाही. मग ती चांगली आहे हे तिच्या मालकालाही कळणार नाही. ट्रिटियमची ती कांडीसुद्धा याची आठवण देते: साडेबारा वर्षं व्हायच्या आत तिची चमक निम्म्यावर येते, टॉर्च वापरा किंवा पेटीत ठेवा. प्रकाशाची वस्तू साठवून राखता येत नाही, वापरूनच राखता येते.

म्हणून मर्यादित आवृत्तीला माझा विरोध नाही. तिच्याकडून अपेक्षा आहेत, आणि त्या साध्या आहेत. धातूचं नाव जितक्या मोठ्या अक्षरात लिहिता तितक्याच मोठ्या अक्षरात सीआरआय आणि गडद तांबड्याचा आकडा लिहा. सेल बाजारात मिळणाराच असावा आणि ग्राहकाला तो स्वतः बदलता यावा. आटे, काच, सर्किट सुटं करता यावं. आणि आवृत्ती संपली, कारागिराच्या कष्टाचा मोबदला पुरता मिळाला, की तिचं रेखाचित्र वाळूजमधल्या एखाद्या शेडला रास्त मोबदल्यात द्या. टायटॅनियमच्या जागी ॲल्युमिनियम येऊ दे, मखमली पेटीच्या जागी पुठ्ठा येऊ दे, प्रकाश मात्र तोच राहू दे. असं झालं तर पहिल्या पन्नास नगांच्या मालकांचं काही कमी होत नाही. त्यांच्या चोखंदळपणाचा उपयोग झाला, एवढंच होईल. कुठल्याही मर्यादित आवृत्तीबद्दल खरेदीदाराने आणि कारागिराने विचारायचा प्रश्न एकच आहे: पुढची, साधी, बिनक्रमांकाची वस्तू हिच्यामुळे सुधारली का? उत्तर होय असेल तर मोजलेली किंमत सार्थ झाली.